तिसऱ्या खिंडीतला विष्णू

गुडगाव,
रविवार, १२ जानेवारी १९९७

ती. राजाभाऊ,

नमस्कार. तुमच्या ऑफिसात फोन केला की एका "हॅलो"त तुम्ही माझा आवाज ओळखता, "होल्ड कीजिए" म्हणता, आणि मी मंत्रालयाची ती एकसुरी टणटण ऐकत बसतो. परवा अकरा मिनिटं ऐकली. बोर्डावर बसलेल्या ऑपरेटरशी भांडण करू नये, एवढा धडा घेतला. म्हणून हे पत्र. वाचून दाखवणार अर्थात भानुमतीवहिनी, तेव्हा वहिनी, तुम्हालाही नमस्कार. अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या.

डिसेंबरात काय झालं ते वहिनींनी मला सांगितलं आहे. तुमची मृणाल पुण्याहून आठ दिवसांसाठी आली. तुम्ही हौसेने टॅक्सी ठरवलीत आणि तिला आपली तिसरी खिंड दाखवायला नेलंत. उतरलात तेव्हा हातात लाडवांचा डबा होता. दरीकडे तोंड करून तुम्ही हाक मारलीत, "विष्णू!" मृणाल म्हणाली, "बाबा, इथे कोणी नाहीये. इथे नुसता खड्डा आहे." तुम्ही म्हणालात, तू चुकीच्या जागी उभी आहेस. ड्रायव्हरला झापलंत. दोन तास उन्हात तीन रस्ते पालथे घातलेत. शेवटी पोरीला म्हणालात की तुला बघायचंच नाहीये, तुझा बाप आंधळा आहे म्हणून तो म्हणेल ते खोटंच असणार. ती दुसऱ्याच दिवशी पुण्याला निघून गेली. येताना ड्रायव्हर म्हणाला होता, "बाबूजी, जगह यही है। पहाड़ तो कब का कट गया।" त्याचं तुम्हाला पटलं, पण घरी आल्यावर, आणि तेही दोन दिवसांनी.

पुढच्या रविवारी मी नेहमीसारखा पहाटे तुमच्या दारात उभा, तर वहिनींनी सायकलच्या कुलपाची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि दार लावून घेतलं.

तर कबूल. ती दरी आता नाही. डोंगर कापून नेला आहे. मी तुम्हाला जी सांगत होतो ती दरी माझ्या डोक्यातली होती. माझं चुकलं.

पण तुम्ही ३१ मार्चला रिटायर होणार, एप्रिलात क्वार्टर सोडून पुण्याला मृणालच्या बिल्डिंगमध्ये राहायला जाणार. त्यानंतर मी ही दोन माणसांची सायकल घेऊन काय करू? झंडेवालानच्या मिस्त्रीने दोन सायकली कापून आपल्यासाठी एक केली, तेव्हा तो म्हणाला होता, "एक आदमी चलाएगा तो सर्कस लगेगा।" एक रविवार द्या. एकच. पुढच्या सीटवर मी, मागच्या सीटवर तुम्ही, आणि यावेळी एक शब्द खोटा नाही.

तुमचा,
विक्रांत


गुडगाव,
रविवार, २ फेब्रुवारी १९९७

ती. राजाभाऊ,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. वहिनी फोनवर म्हणाल्या, "वाचून दाखवलं मी. ऐकून घेतलं आणि चहा मागितला." चहा मागितला म्हणजे फार वाईट नाही, असं मी धरून चाललो आहे.

आज मी एकटाच गेलो होतो, माझ्या जुन्या सायकलवर. धुकं इतकं की कुतुबमिनार दिसलाच नाही. सूरजकुंडाच्या पुढे चढ लागला आणि सवयीने मी मागे वळून "चढ" म्हणालो. "गिअर" म्हणालो. पुढे "खड्डा, डावीकडून" असंही म्हणून झालं. रस्त्याकडेला शेकत बसलेल्या एका म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि रजई डोक्यावरून घेतली.

पहिली खिंड तुम्हाला आठवते तशीच आहे, हे खरं सांगतो. दोन्ही बाजूंना तांबडा खडक आणि मधून रस्ता. धुकं खाली दरीत होतं आणि मी वर उन्हात होतो. पायाखाली काही नाहीच असं वाटत होतं. पॅडल मारतोय ते सायकल पुढे जावी म्हणून नाही, तर खाली पडू नये म्हणून. एक नीलगाय धुक्यातून मानेपर्यंत वर आली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आत बुडाली. दुसऱ्या खिंडीत धौची झाडं अजून उभी आहेत. थंडीने पानं तांब्याच्या भांड्यासारखी झाली आहेत, आणि भांडं घासलेलं नाही.

तिसऱ्या खिंडीत मी थांबलो.

तुम्हाला सगळं सांगायचं म्हणतो तर हेही सांगायला हवं. मी तुमची कीव आली म्हणून ती दरी रचत नव्हतो. पहिल्या दिवशी असेल, नंतर नाही. नंतर मला गोडी लागली. मी आठवडाभर ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो. इथे आमच्या नव्या कॉलनीत चारही बाजूंना अर्धवट बिल्डिंगा आहेत आणि रात्रंदिवस खडी उतरते. ती खडी कुठून येते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तरी रविवारची मी वाट बघायचो, कारण रविवारी मला एक दरी करायला मिळायची. तळं आधी लहान होतं, मग मी ते वाढवलं. पलीकडच्या उतारावर मी एक मेंढपाळ उभा केला, इतका लांब की त्याची हाक ऐकू येऊ नये. तुम्ही विचारलंत, "नाव काय असेल रे त्याचं?" मी म्हटलं, विष्णू. त्या दिवसापासून तुम्ही दर रविवारी त्याला हात करायचात. मी सांगायचो, "त्यानेही केला." पुढे मी त्याला लाल पागोटं दिलं. मग एक लंगडी शेळी दिली. खडी फोडणारे क्रशर रविवारी बंद असायचे, धूळ आली तर मी म्हणायचो रस्त्याचं काम चाललंय. खोटं बोलायला लागलं की माणूस किती व्यवस्थित होतो, हे मला तेव्हा कळलं.

तुम्ही लाडवांचा डबा घेऊन त्याला हाक मारलीत हे ऐकल्यापासून मला नीट झोप लागत नाही.

मुळात हे सुरू का झालं, त्या पहिल्या रविवारी मी "सगळं तसंच आहे" असं का म्हणालो, त्याला एक कारण आहे. ते तुम्हाला माहीत आहे, फक्त तुम्ही ते या गोष्टीला जोडून बघितलेलं नाही. आणि ते मी या पत्रात लिहू शकत नाही. वहिनी, माफ करा, तुमच्यावर अविश्वास नाही. जी गोष्ट माझी नाही ती मी कशी लिहू?

तुमचा,
विक्रांत


(ब्रेलमध्ये, जाड कागदावर)

९ मार्च

राजाभाऊ,

हे पत्र बोटांनी वाचा. वहिनींना देऊ नका.

तुमच्या शेजारच्या खुर्चीवरच्या दामूने मला ही लिपी शिकवली. पाच आठवडे लागले. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं असतं. माझ्या चुका खूप असतील. दामू म्हणाला, तुम्ही चुका काढत काढत वाचाल, म्हणजे राग कमी होईल. एवढ्या पानासाठी माझे तीन कागद फाटले.

जुलै पंच्याण्णव. पहिल्या खिंडीत तुम्ही मला सायकल थांबवायला सांगितलीत. म्हणालात, काल डॉक्टरांनी बघितलं. डाव्या डोळ्याला उजेड-अंधार कळायचा तोही गेला. आता काही नाही. भानुमतीला सांगू नकोस, ती रोज सकाळी माझ्यासाठी पडदा सरकवते. मी शपथ घेतली.

मग आपण पुढे निघालो. तिसऱ्या खिंडीत आलो तर समोरचा डोंगर अर्धा कापलेला. दोन महिने आपण आलो नव्हतो, तेवढ्यात झालं. तुम्ही विचारलंत, काय दिसतंय?

मी काय सांगणार होतो? एकाच सकाळी दोन गोष्टी गेल्या असं?

मी म्हणालो, सगळं तसंच आहे. तुम्ही म्हणालात, बरं झालं बाबा, निदान ते तरी आहे.

एवढंच कारण. दीड वर्ष मी ते ओढलं, त्याला हे कारण पुरत नाही. पण पहिल्या दिवसाला पुरतं. हे वहिनींसमोर लिहिलं असतं तर मी सुटलो असतो आणि तुम्ही अडकला असता.

विक्रांत


लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली,
मंगळवार, १८ मार्च १९९७

चि. विक्रांत,

हे पत्र भानुमती लिहिते आहे, मी सांगतो आहे. यावरून तुला काय कळायचं ते कळेल.

तुझ्या पत्रात पहिल्या पानावर एकवीस चुका आहेत. डोंगर असं जिथे लिहिलं आहेस तिथे भलतंच काहीतरी उमटलं आहे. दामू हसत सुटला होता. मी ते पत्र ऑफिसात चार वेळा वाचलं. घरी आणलं नाही. मग शनिवारी आणलं, आणि हिला समोर बसवून मीच वाचून दाखवलं. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली, त्यात मी हिला वाचून दाखवल्याची ही पहिलीच वेळ.

त्यानंतर ही तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. पानात वाढायची, आणि वाटी कुठे आहे ते सांगायची नाही. आज बोलली. काय म्हणाली ते तीच खाली लिहील.

तुझ्यावर रागावण्याचा माझा हक्क गेला, विक्रांत. तू मला जे केलंस तेच मी हिला करत होतो, आणि तेही रोज, तू निदान रविवारीच करत होतास. तेव्हा आपलं मिटलं असं समज. दरीचं मला फार वाईट वाटलं. विष्णूचं त्याहून जास्त. मी त्याला पुण्याचा पत्ता द्यायचं ठरवलं होतं, हे तुला सांगितलं तर तू हसशील.

पण एक गोष्ट मिटलेली नाही. तुझी तीन पत्रं आली. तिन्ही मला. माझी माफी मागितलीस, कारणं दिलीस, सायकलवर बस म्हणून गळ घातलीस. या सगळ्यात एक माणूस असं होतं की ज्याने जे दिसलं तेच सांगितलं, आणि बोलणी त्यालाच बसली. परक्या ड्रायव्हरसमोर मी पोरीला नाही नाही ते बोललो. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. आता एप्रिलात तिच्या शेजारी राहायला जायचं आहे आणि डिसेंबरपासून मी तिच्याशी एक अक्षर बोललेलो नाही. दिवसभर मी दुसऱ्यांचे फोन जोडून देतो. तिचा नंबर फिरवायला बोट उचलत नाही.

रविवारी, तीस तारखेला, साडेपाचला ये. मी बसेन. खिंड बघायची आहे म्हणून नव्हे. तिला काय दिसलं होतं ते मला नीट कळायला हवं. आणि परत आल्यावर तू मृणालला पत्र लिहायचंस.

राजाभाऊ

विक्रांतभावजी,

गेलं दीड वर्ष मी रोज सकाळी पडदा सरकवून यांना विचारत होते, "उजाडलं?" आणि हे अगदी बरोबर वेळेला "हो" म्हणत होते. दूधवाल्याच्या सायकलवरून अंदाज बांधायचे, असं आता कळलं. मला राग आला तो लपवल्याचा नाही. एवढी मोठी गोष्ट यांनी एकट्याने सोसली आणि मी बाजूला बसून कणीक मळत होते, त्याचा आला. तुम्ही शपथ पाळलीत याचं कौतुक करू की तुम्हाला रागावू, ते मला अजून ठरवता येत नाही. तीस तारखेला पोहे करून ठेवते.

भानुमती


गुडगाव,
रविवार, ३० मार्च १९९७, दुपार

मृणालताई,

आपण दोनदाच भेटलो आहोत, तेही तुमच्या आईच्या हातचं खाताना, त्यामुळे माझा चेहरा तुम्हाला आठवत नसेल. राजाभाऊंबरोबर दर रविवारी सायकलवर जाणारा विक्रांत तो मी. डिसेंबरात तुम्हाला जे ऐकून घ्यावं लागलं ते माझ्यामुळे.

सरळ लिहितो. टॅक्सीने तुम्हाला बरोबर जागी नेलं होतं. तुम्ही जो खड्डा बघितलात तीच तिसरी खिंड. पूर्वी तिथे डोंगर होता, तो दोन वर्षांपूर्वी खडीसाठी कापला. राजाभाऊ तुम्हाला जी दरी दाखवायला निघाले होते ती मी त्यांना दीड वर्ष खोटी सांगत होतो. तळं, झाडं, मेंढपाळ, सगळं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून तुमच्यावर ठेवला नाही. असं मी का केलं याची हकिगत मोठी आहे. तुमच्या आईला ती आता माहीत आहे, त्या सांगतील. मला फक्त तुमची माफी मागायची आहे. ती मी आधी मागायला हवी होती. मी ज्यांच्याकडून मला काही हवं होतं त्यांचीच मागत बसलो.

आज सकाळी आम्ही दोघं गेलो. कसं झालं ते तुम्हाला सांगायला हवं, कारण सगळा वेळ तुमचाच विषय होता.

खोटं बोलायचं नाही असं ठरलं होतं. त्यामुळे पहिला तासभर मी नुसता भिंती सांगत होतो. उजवीकडे फार्महाऊसची भिंत, डावीकडे फार्महाऊसची भिंत, पुढे तीन बेडरूमच्या फ्लॅट्सची पाटी आणि पाटीखाली झोपलेली कुत्री. राजाभाऊ मागून म्हणाले, "चलो, कुत्री तरी खरी आहेत." दुसऱ्या खिंडीत पळस फुललाय. पानं सगळी गळलेली, आणि काळ्या फांद्यांवर नुसतं केशरी. ते सांगितलं तर म्हणाले, "खरंच?" मी सायकल थांबवली, खाली पडलेली चार फुलं उचलून त्यांच्या हातात दिली. तुमच्या बाबांना आता पुरावा लागतो, आणि त्याला मीच जबाबदार आहे.

तिसऱ्या खिंडीत ते उतरले. मी त्यांना हात धरून कडेपासून दहा पावलं आत उभं केलं. त्यांनी विचारलं, किती खोल? मी म्हटलं, सहासात मजले. किती रुंद? मी सांगितलं. मग त्यांनी एक दगड उचलला आणि पुढे टाकला. दोन क्षणांनी आवाज आला, तो पाण्याचा. "खाली पाणी आहे?" मी म्हटलं, आहे. "कसलं?"

इथे माझी पंचाईत झाली. ते पाणी हिरवं-निळं आहे, मृणालताई, आणि आज सकाळी त्यावर ऊन होतं. कापलेल्या कड्याच्या पांढऱ्या पायऱ्या पाण्यात उलट्या उतरत होत्या. एक खंड्या या काठावरून त्या काठावर गेला, तेव्हा खालून दुसरा एक त्याच्याबरोबर गेला. खोटं बोलायचं नाही, म्हणून मला सांगावं लागलं की ते सुंदर आहे. ते म्हणाले, "विक्रांत, बिल्कुल थापा नकोत." मी शपथेवर सांगितलं. त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितलं आहे, की तुम्हीही ते पाणी बघितलं होतं का. मी म्हटलं, तुम्हीच विचारा.

मग ते दगडावर बसले. ऊन चढत गेलं. त्यांची टोपी माझ्याकडे राहिली होती, ती मी त्यांच्या डोक्यावर ठेवली. ते म्हणाले, "लहान असताना मृणाल मला सगळं सांगायची. बस आली, बस निळी आहे, कंडक्टरला मिशी आहे. मला दिसत असताना सांगायची, आणि दिसेनासं झाल्यावरही सांगायची. एकदा चुकली नाही ती. आणि मी तिला म्हणालो, तुला बघायचंच नाही." मग त्यांना रडू आलं. मी तुमच्यापासून काही लपवायचं नाही म्हणून हे लिहितो. त्यांना आवडणार नाही.

परत येताना उतारावर त्यांनी पॅडल मारणं सोडलं आणि दोन्ही हात हँडलवरून काढून पसरले. वारा मागून येत होता. बराच वेळ सायकल आपोआप चालली होती आणि आम्हा दोघांनाही काही करायचं नव्हतं. घरी आलो तेव्हा पोहे गार झाले होते.

उद्या त्यांचा ऑफिसातला शेवटचा दिवस. एप्रिलच्या वीस तारखेची गाडी आहे. पण त्याआधी, पुढच्या रविवारी, सहा तारखेला सकाळी आठ वाजता ते तुम्हाला फोन करणार आहेत. तुमच्या आईसमोर त्यांनी तसं कबूल केलं आहे, आणि मी तिथे हजर राहणार आहे. त्यांनी नंबर पाठ म्हणून दाखवला. काय बोलायचं ते मात्र त्यांना जमत नाहीये. तीन वेळा आमच्यासमोर म्हणून बघितलं, तिन्ही वेळा "हॅलो"च्या पुढे गेले नाहीत.

म्हणून तुम्हाला एकच विनंती. फोन वाजला की उचला. पलीकडून बराच वेळ काही ऐकू येणार नाही. लाइन कट झाली असं समजून ठेवून देऊ नका.

विक्रांत